गप्प ठोका

निळ्या पुठ्ठ्याच्या त्या वहीला शिवकन्येनं कधी हात लावला नाही. पण वही घरात आली की कुठं ठेवलीय, हे तिला चुलीकडं तोंड करून बसलं तरी ठाऊक असायचं. कधी कोनाड्यात कंदिलाशेजारी, कधी खुंटीवरच्या पिशवीत. एकदा तर वसंतानं ती उशाखाली घेतली, आणि त्या दिवशी शिवकन्या भिंतीकडं तोंड करून निजली.

वही प्रेमलाबाईंची. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा या बाई औरंगाबादहून जाफराबादेत मास्तरीण म्हणून आल्या. वय चोवीस, लग्न झालेलं नाही, सोबत म्हातारी आई आणि एक बाजाची पेटी. पातळाच्या निऱ्या अशा, की मोजून घ्याव्यात. शब्द असे, की धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेले. त्या बोलायला लागल्या की वसंता मान हलवायचा, आणि ते मान हलवणं शिवकन्येला लांबूनही दिसायचं. चार वर्षांच्या संसारात आपल्या बोलण्यावर यानं अशी मान कधी हलवली होती, हे तिला आठवून आठवून सापडत नव्हतं.

वसंता तिचा नवरा. पंचशील बँडचा कॉर्नेटवाला, आणि बापाच्या माघारी बँडचा म्होरक्याही तोच.

वहीत दुसरं काही असतं, शाळेची हजेरी, गोष्टी, कविता, तर तिनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण वहीत चाली होत्या. पंचशील बँडच्या चाली, सारेगम करून लिहिलेल्या. आणि चाली ही या घरात शिवकन्येची गोष्ट होती.

बँडात लिहून वाजवणारं कुणी नव्हतंच. सासरे साहेबराव मास्तर, घरच्यांचे आबा, फौजेच्या बँडात कॉर्नेट फुंकून आलेले, पण त्यांनीही चौदा गड्यांना शिकवलं ते तोंडानंच. वसंता जालन्याला एखाद्या लग्नात वाजवून यायचा, दुसऱ्या पार्टीची नवी चाल कानात घेऊन. उंबऱ्यातूनच ओरडायचा, "शिवे, धर जल्दी, सांडंल!" ती हातातलं काम टाकून धरायची. तो गुणगुणायचा, ती मागोमाग. सकाळपर्यंत त्याच्या डोक्यातून अर्धी उडालेली असायची. ती भाकरी थापता थापता अख्खी परत द्यायची, एक हरकत इकडं ना तिकडं. शेजारची गोजरबाई म्हणायची, "लोकायच्या बाया कणगीत ज्वारी भरतेत, ही बया गळ्यात चाली भरती." शिवकन्या लाजायची. पण ते वाक्य तिनं पदराच्या गाठीत नाणं बांधावं तसं बांधून ठेवलं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लग्नं लांबली, झाली ती पाच माणसांत, चहावर. बँडवाल्याला सुपारी कोण देतो? चौदाच्या चौदा गडी खडी फोडायला गेले. क्लॅरोनेटच्या भोकांवर नाचणाऱ्या बोटांना घट्टे पडले. त्यात मास्तर आजारी पडले, आणि पोटाला आणि औषधाला म्हणून नऊ वाद्यं जालन्याला एका दुकानदाराकडं गहाण गेली. तांब्याच्या घागरींच्या रांगेत कॉर्नेट टांगलेला पाहून वसंता परत आला तो दोन दिवस जेवला नाही. पुढचा पाऊस लागला, आणि तो लागता लागता मास्तर गेले.

"झालं आता," वसंता म्हणायला लागला. "बाकीचंही त्यालाच देऊन टाकतो, न् औरंगाबादेला कामाला जातो."

बँडाचं सगळं गणित चौदा एप्रिलवर होतं. त्या दिवशी जालन्याला जयंतीच्या मिरवणुकीत आसपासच्या बँडांचा मुकाबला लागायचा. चालत यायचं, चौकात पाऊल न मोडता वळायचं, वाजवत निघून जायचं. जिंकणाऱ्याला ढाल. पण ढालीपेक्षा मोठं म्हणजे, तिथं जो बँड लोकांच्या डोळ्यांत भरला त्याला पुढच्या दीड महिन्याच्या लग्नाच्या सुपाऱ्या. त्र्याहत्तरात पंचशील गेला नव्हता. चौऱ्याहत्तरातही गेला नाही, तर लोक नावच विसरणार होते, आणि वसंता औरंगाबादेच्या गाडीत बसणार होता.

समाजमंदिरात बैठक बसली तेव्हा प्रेमलाबाई शाळेतली गळालेली पोरं शोधत तिथं आल्या होत्या. दाराशी उभ्या राहून ऐकलं आणि मध्येच बोलल्या, "तुम्ही सगळी वाद्यं एकदम सोडवायची म्हणता, म्हणून एकही सुटत नाही. एक सोडवा. त्यानं कमावलं की दुसरं."

"मंग पह्यला कॉर्नेट," वसंता म्हणाला.

"कॉर्नेट एकटा काय कमावणार? पहिला मोठा ढोल. बाजाराच्या दिवशी टुरिंग टॉकीजवाला सिनेमाची पाटी फिरवतो, त्याला पुढं ढोल लागतोच. आणि ढोल असला की पावलांची तालीम सुरू होते. बाकीच्यांनी तोपर्यंत तोंडानं वाजवायचं."

ढोलवाला कडूबा म्हातारा होता, पण जिभेचा तरणा. तो म्हणाला, "तोंडानं? बाई, आम्ही बाप्ये पोंपों करत निघालो तर गावचे कुत्रे मागं लागतील."

सगळे हसले. बाईही हसल्या. वसंता हसला नाही. त्यानं मान हलवली. मागं बायकांत तान्ह्या लेकीला, विशाखाला, मांडीवर घेऊन बसलेल्या शिवकन्येला ती युक्ती ऐकताक्षणीच पटली. चांगली होती, हेच तर वाईट होतं. आपल्याला का सुचली नाही? चौदा घरांनी मजुरीतून आठवड्याला एकेक रुपया काढला, महिन्याभरात ढोल आला. कडूबा बाजारात सिनेमाच्या पाटीपुढं ढोल बडवू लागला. ढोलानं झांजा सोडवल्या. ढोल-झांजांनी बारशा-जावळाच्या सुपाऱ्या घेऊन साईड ड्रम सोडवला. दिवाळीनंतर पहिलं क्लॅरोनेट आलं, तेव्हा गोजरबाईनं ते ओवाळलं.

संध्याकाळी नदीच्या कोरड्या पात्रात तालीम चालायची. खरंच कुत्री मागं लागायची. एक ढोल, घरी उरलेली पाच वाद्यं, आणि बाकीचे गडी तोंडानं पोंपों करत वाळूत पावलं टाकताना बघून गाव पोट धरून हसलं. मग हसून हसून गावालाच चाली पाठ झाल्या.

आणि चाली बाई लिहून घेत होत्या. "एकाला ताप आला, एक कामाला गेला, म्हणून चाल मरायला नको," असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. त्यांचं सगळं बरोबरच असायचं. माघात वसंता एकदा जालन्याहून आला. उंबऱ्यातूनच गुणगुणत होता. शिवकन्येनं परातीत पिठानं भरलेले हात झटकले आणि म्हणाली, "द्या."

"असू दे," तो चपला काढत म्हणाला. "वाटंतच बाई भेटल्या. त्यायनी लिहून घेतली."

शिवकन्येनं हात परत पिठात घातले. त्या दिवशीची भाकरी तव्यावर फुगलीच नाही.

"तोंड का पाडलंस गं?" गोजरबाईनं विचारलं.

"कुठं काय."

"बाईचा राग आला व्हय? अगं, ती बिचारी पेटीवाली. तिला काय करायचाय तुझा कॉर्नेटवाला?"

गोजरबाई हसली. शिवकन्येला हसता आलं नाही. नवरा जाईल असं तिला वाटतच नव्हतं. वसंता तसा माणूसच नव्हता. तिच्याकडून गेलं होतं ते वेगळंच. ती विशाखाला झोळीत घालून बसली आणि दोरी ओढता ओढता मास्तरांची चाल म्हणू लागली. ती तेवढी अजून वहीत नव्हती.

मास्तरांनी ती चाल दुष्काळात बांधली, खास जालन्याच्या चौकासाठी. पहिला भाग गड्यांना शिकवला. दुसऱ्या भागाला वेळ मिळाला नाही. वसंता दिवसभर खडीवर. घरात मास्तर, सून आणि तान्ही नात. खोकत खोकत ते झोळीची दोरी ओढायचे आणि चाल गुणगुणायचे. दुसरा भाग सुरू व्हायच्या तोंडावर दोरी घट्ट धरून ठेवायचे. एक ठोका. झोळी अधांतरी थांबायची, विशाखा डोळे मोठे करायची. मग दोरी सुटायची आणि ती खुदकन हसायची.

"इथं समद्यायनी गप राह्यचं, सूनबाई," ते म्हणायचे. "ढोलसुद्धा. निस्ते बूट वाजले पाह्यजेत. त्या एका ठोक्यात पाय बदलतो, अन् वळण बराबर डाव्या पायावर येतं. पब्लिकचा दम अडकला पाह्यजे इथं."

फाल्गुनात वसंता म्हणाला, "शिवे, आबाची चाल तुलाच येती पुरी. आज बाईकडं जाऊन म्हणून दाखव. जालन्याला तीच वाजवायची."

बाईंच्या खोलीत पेटी मांडलेली होती. म्हातारी आई दाराशी लसूण सोलत होती. बाईंनी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाल्या, "म्हणा, शिवकन्याताई. सावकाश." शिवकन्येनं गायला सुरुवात केली. बाई इतक्या झरझर लिहीत होत्या की तिच्या तोंडातून सूर बाहेर पडतो न पडतो तो कागदावर जाऊन बसत होता. तिला वाटलं, आपण विहिरीसारख्या उपसल्या जातोय. हे संपलं की तळ.

पहिला भाग संपला. इथं दोरी धरायची.

ती थांबली नाही. सरळ पुढं गेली.

खोटं तिनं काही सांगितलं नाही. एकही सूर चुकवला नाही. फक्त थांबली नाही. बाईंनी पेटीवर वाजवून दाखवलं, "बरोबर?" शिवकन्या म्हणाली, "बराबर." घरी जाताना तिला फार हलकं वाटलं. काहीतरी एक आपल्यापाशी राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून पात्रात पावलं मोडू लागली.

चाल सुंदर वाजायची, आणि वळणाच्या जागी सगळा बँड अडखळायचा. अर्धे गडी डावा पाय टाकायचे, अर्धे उजवा; कुणी मध्येच उडी मारून पाय बदलायचा. मास्तरांची रीत होती, वाजवणं थांबलं की मागं जाऊन वाळूतले ठसे बघायचे. वसंता वाकून बघायचा. वळणापर्यंत ठशांच्या दोन सरळ ओळी, आणि वळणावर शेळ्या गेल्यासारखा सगळा काला.

"कडूबामामा, ढोल धावून राह्यला तुमचा," एक जण म्हणाला.

"माझा ढोल? तीस साल झाले माझ्या ढोलाला, बेट्या."

"म्हणूनच म्हणून राह्यलो. वय झालं हाताला."

कडूबा हसला, पण जीभ चालली नाही. आठ दिवस तो रोज तालमीआधी एकटाच येऊन ढोल वाजवायचा, तोंडानं आकडे मोजत. शिवकन्या धुणं घेऊन पात्रातल्या डोहाकडं जायची तेव्हा तिला तो दिसायचा. लग्न होऊन आली त्या दिवशी सगळ्यांत आधी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता तो या म्हाताऱ्यानं. "आमच्या बँडात आलीस, पोरी," म्हणाला होता. आता तो मोजत होता, आणि चुकत नव्हता, आणि आपण चुकतोय असं समजत होता.

दोन ट्रम्पेट सुटली. भोंगा सुटला. एप्रिल लागला आणि जयंतीला आठ दिवस राहिले तेव्हा सगळ्यांत शेवटी कॉर्नेट आला. वसंतानं तो राखेनं घासून असा लखलखीत केला की विशाखा त्यात तोंड बघू लागली. बायकांनी विटलेले लाल कोट उसवले, आतली बाजू बाहेर घेऊन परत शिवले. सगळं आलं होतं. पाऊल तेवढं येत नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळ्या वाद्यांची पहिली तालीम. अख्खी वस्ती पात्रात. शिवकन्येच्या कडेवर दीड वर्षाची विशाखा. कॉर्नेट वाजला, आणि चालीच्या पहिल्या सुराला पोरगी ताठ झाली. ओळखली तिनं. मान डोलवत ऐकू लागली. पहिला भाग संपत आला तसं तिनं आईच्या खांद्यावरची मूठ आवळली, डोळे मोठे केले, श्वास धरला. झोळी थांबायची वाट बघत होती.

चाल थांबली नाही. पुढं गेली. पाय मोडले. विशाखानं आईच्या तोंडाकडं पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

"ढोलाला भ्याली," कुणीतरी म्हणालं.

वसंतानं ठसे बघितलेसुद्धा नाहीत. म्हणाला, "मामा, माफ करा. जालन्याला ढोल दुसऱ्याकडं देऊ."

कडूबानं गळ्यातला पट्टा काढला, ढोल वाळूवर ठेवला आणि त्याच्यावरून एकदा हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

शिवकन्या तिथून थेट बाईंच्या घरी गेली. बाई तालमीहून येईपर्यंत दाराशी उभीच राहिली.

"त्या चालीत एक ठोका गप आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या भागाच्या आधी. समदे गप. तिथं पाय बदलतो."

बाईंनी वही काढली. त्या जागेवर रेघ मारून एक रिकामी चौकट आखली. पेटीवर वाजवलं, ठोक्याला थांबल्या, बोटानं जमिनीवर टकटक केली. वळण डाव्या पायावर आलं.

"त्या दिवशी राहून गेलं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. राहून गेलं."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग वही मिटली. "बरं झालं आलात."

सकाळी बाईंनी शाळेआधी सगळ्यांना पात्रात बोलावलं. कडूबाला मुद्दाम निरोप धाडला होता. तो लांब दगडावर बसला. बाई वही उघडून म्हणाल्या, "कडूबामामांचा हात चुकत नव्हता. चूक माझी आहे. चालीत एक ठोका गप्प आहे. शिवकन्याताईंनी म्हणून दाखवला होता, माझ्याकडून लिहायचा राहिला."

वसंतानं मान हलवली. "असं कसं बाई, तुमची कशाची चूक? तुम्ही हैत म्हणून तर बँड हाये." गडी म्हणाले, बाईचं मन केवढं. गोजरबाईनं तोंडावर हात ठेवला. "बघा, शिकलेलं माणूस, पण कसं कबूल केलं चारचौघांत!"

शिवकन्येच्या कानशिलांत रक्त चढलं. चाली घेतल्या. मान हलवणं घेतलं. ढोलाची युक्ती घेतली. आता माझी चूकसुद्धा हिलाच? तीही हिच्या पदरात जाऊन फुलासारखी दिसायला लागली!

"बाईची चूक न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली.

सगळे वळले.

"मी थांबलेच न्हाई तिथं. आबांनी मला सांगितल्तं, दोरी धरून दाखवल्तं. मला बराबर ठाऊक होतं. मी जाणूनबुजून सांगितलं न्हाई."

"का पण?" वसंताला खरंच कळेना.

"समदं वहीत गेलं, मंग माझ्यापाशी काय राह्यलं?" ती वसंताकडं वळली. "तुम्ही उंबऱ्यातून हाक मारायचे, धर शिवे म्हणायचे. आता म्हणता असू दे. मी एक ठोका ठेवून घेतला. एकच."

दगडावरून कडूबा उठला, वाळू झाडत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. शिवकन्येनं मान खाली घातली.

"आठ दिवस," तो म्हणाला, "मी माझ्या हाताला शिव्या देऊन राह्यलो, पोरी. रातच्याला ह्यो हात वेगळा ठेवून झोपायचो." मग म्हणाला, "गूळ परत दे माझा."

तिला रडू फुटलं. म्हाताऱ्यानं ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवला आणि ओरडला, "आता उभे काय राह्यले बयताडासारखे? अन् वही मिटा बाई, घडीभर. हिच्या तोंडून ऐकू. हिला माह्यतंय तो ठोका केवढा लांब हाये."

ते खरं होतं. रिकामी चौकट केवढी लांब धरायची, हे वहीत कुठं लिहिलेलं नव्हतं. शिवकन्या वाळूत उभी राहिली, विशाखाला दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि झोका देत गायली. त्या जागी तिनं हात थांबवले. पोरीनं डोळे मोठे केले. चौदा बाप्यांनी श्वास धरला. हात सुटले, पोरगी हसली, आणि कडूबाच्या ढोलावर दणका पडला. ठसे बघायला वसंता वाकला तेव्हा वळणावरूनही दोन ओळी सरळ गेल्या होत्या.

तो तिच्याशी मात्र दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कोट घालून बघताना म्हणाला, "बटन लाव." एवढंच.

जालन्याची ढाल अंबडच्या पार्टीला गेली. त्यांच्याकडं नवे कोट होते आणि दोन सॅक्सोफोन होते. पण पंचशील चौकात आला, चाल भरात आली, आणि एकदम सगळं गप्प झालं. भर गर्दीत फक्त चौदा बूट एकदा वाजले. फुटाणेवाल्यानं मापटं हातातच धरलं. मग ढोल पडला, बँड डाव्या पायावर वळला, आणि चौक उसळला. कडेला उभ्या शिवकन्येनं पाहिलं, बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटलं, इथं तरी पाणी आधी माझ्या डोळ्यांत यायला पाहिजे होतं.

संध्याकाळपर्यंत नऊ सुपाऱ्या आल्या. मेअखेर बावीस झाल्या, आणि ज्याला त्याला आपल्या दारात तोच गप्प ठोका पाहिजे होता. मृगाच्या आधी चौदा घरांचे रुपये परत झाले, आणि औरंगाबादेच्या गाडीचं नाव घरात कुणी काढलं नाही.

त्यानंतर एकदा वसंता भोकरदनचं लग्न वाजवून आला. उंबऱ्यात उभा राहिला, तोंडात सूर धरलेला, गाल फुगलेले. शिवकन्या सुपात ज्वारी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"बाईला दिली का पह्यले?"

त्यानं मानेनंच नाही म्हटलं.

"मंग द्या," ती म्हणाली आणि सूप बाजूला सारलं.

दोन दिवसांनी, चाल गळ्यात पक्की मुरल्यावर, ती स्वतःच बाईंकडं गेली. बाई पेन्सिल शोधत होत्या तेव्हा निळी वही समोर उघडी पडली होती. शिवकन्येनं पहिल्यांदा तिला हात लावला. चौथीपर्यंतचं वाचन तिला अजून येत होतं. मास्तरांच्या चालीवर लिहिलेलं होतं: 'चाल साहेबराव मास्तरांची. राखली शिवकन्येनं.' आणि खाली, मधोमध, ती रिकामी चौकट.

तिनं दोनदा वाचलं. मग त्या ओळीकडं नुसतीच बघत राहिली. अक्षर फार सुरेख होतं बाईंचं. तेवढं मात्र तिला अजून सोसत नव्हतं.